एकाच ड्रॉइंगच्या सहा बहिणी



आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी कविता भरपूर येतात, होस्टेलच्या आठवणी येतात, मेसच्या भाजीवरचे विनोद तर येतातच येतात. म्हणून म्हटलं, या वेळी जरा वेगळा विषय घ्यावा. मी मेकॅनिकलची, त्यात लहानपणापासून जहाजांचं वेड. तेव्हा हा लेख एका फ्रेंच युद्धनौकेवर. ही एक लाइट क्रूझर, तिचं नाव 'झॉर्ज लेग'. फ्रेंचमध्ये हे नाव लिहिताना शेवटी दोन-तीन अक्षरं जास्तीची लिहितात, पण ती उच्चारत नाहीत. आपल्या सबमिशनच्या फाइलमधल्या पानांसारखी, असावी लागतात पण वाचत कोणी नाही!

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या महायुद्धात शेकडो नौका लढल्या, मग हिचंच काय एवढं? सांगते. सप्टेंबर १९४० मध्ये या नौकेने ब्रिटिश आरमारावर तोफा डागल्या. जून १९४४ मध्ये त्याच ब्रिटिशांच्या आणि अमेरिकनांच्या रांगेत उभं राहून तिने खुद्द फ्रान्सच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या. दोन्ही वेळा तिच्यावर झेंडा फ्रान्सचाच होता. नौका तीच, तोफा त्याच. मग मधल्या चार वर्षांत बदललं काय? हे समजून घेण्यासाठी तिच्या बहिणींची गोष्टही सांगावी लागेल, कारण त्या एकूण सहा होत्या आणि सहाही एकाच ड्रॉइंगवरून बांधलेल्या.

लाइट क्रूझर म्हणजे काय?

त्या काळी आरमारात बॅटलशिप म्हणजे सगळ्यात मोठी, जाड चिलखताची. डिस्ट्रॉयर लहान आणि चपळ. या दोघींच्या मधली ती क्रूझर. एकटीने लांबवर जायचं, व्यापारी जहाजांना सोबत करायची, शत्रूची मालवाहू जहाजं पकडायची, वेळ पडली तर किनाऱ्यावर मारा करायचा, अशी पडेल ती कामं तिच्याकडे. 'लाइट' म्हणजे वजनाला हलकी असं वाटतं, पण खरा फरक तोफेच्या तोंडाचा. १९३० च्या लंडन नौदल करारात ठरलं की १५५ मिलिमीटरपर्यंतच्या तोफा असतील तर ती क्रूझर एका गटात आणि त्याहून मोठ्या तोफा असतील तर दुसऱ्या गटात. या पहिल्या गटाला लाइट आणि दुसऱ्याला हेवी म्हणू लागले.

आपल्या आरमाराकडेही अशा दोन लाइट क्रूझर होत्या, आयएनएस दिल्ली आणि आयएनएस म्हैसूर. दोन्ही मूळच्या ब्रिटिश बांधणीच्या. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत दिल्ली दीवजवळ होती आणि म्हैसूर अंजदीव बेटाजवळ. ही दिल्ली महायुद्धात 'अकिलिस' या नावाने लढली होती. तिची सख्खी बहीण 'एजॅक्स' पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

झॉर्ज लेग ज्या वर्गातली, त्या वर्गाचं नाव ला गालिसोनिएर. सहा बहिणी अशा: ला गालिसोनिएर, झाँ द व्हिएन, मार्सेयेज, ग्लुआर, मोंकाल्म आणि झॉर्ज लेग. झॉर्ज लेग हे फ्रान्सच्या नौदलमंत्र्याचं नाव. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच आरमार नव्याने उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सप्टेंबर १९३३ मध्ये ते वारले आणि त्याच महिन्यात सँ-नाझेरच्या गोदीत या नौकेचं काम सुरू झालं. १९३६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९३७ च्या अखेरीस आरमारात दाखल झाली.

थोडे आकडे देते. लांबी १७९ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या दीड मैदानाहून जास्त. वजन सुमारे ७६०० टन. १५२ मिलिमीटरच्या नऊ तोफा, तीन-तीनच्या तीन टरेटमध्ये. प्रत्येक गोळा साधारण ५५ किलोचा आणि पल्ला २५ किलोमीटरच्या वर. टर्बाइनची ताकद ८४,००० हॉर्सपॉवर, ठरवलेला वेग ३१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५७ किलोमीटर. माणसं सुमारे ५४०.

आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट म्हणजे आतली मांडणी. सगळे बॉयलर एकीकडे आणि सगळी टर्बाइन दुसरीकडे असं न करता आधी बॉयलर रूम, मग इंजिन रूम, मग पुन्हा बॉयलर रूम आणि पुन्हा इंजिन रूम अशी रचना होती. म्हणजे दोन स्वतंत्र सेट. एक गोळा लागून एक सेट बंद पडला तरी दुसऱ्यावर नौका चालत राहते. दोन धुराड्यांमध्ये एवढं अंतर दिसतं ते यामुळेच.

सहाही बहिणी एका बंदरात

जून १९४० मध्ये फ्रान्स हरला. मार्शल पेतां यांच्या सरकारने जर्मनीशी तह केला. हे सरकार पुढे व्हिशी गावातून चाललं, म्हणून त्याला व्हिशी सरकार म्हणतात. जनरल द गॉल लंडनला गेले आणि त्यांनी लढाई चालू ठेवायची हाक दिली. पण फ्रेंच आरमार शाबूत होतं आणि जगातल्या मोठ्या आरमारांपैकी एक होतं. ते कोणाच्या हातात जाणार?

आरमाराचे प्रमुख ॲडमिरल दार्लां यांनी ब्रिटिशांना शब्द दिला होता की आमची जहाजं जर्मनांच्या हाती कधीही पडू देणार नाही, तशी वेळ आली तर आम्हीच ती बुडवू. ब्रिटिशांना हा शब्द पुरेसा वाटला नाही. ३ जुलै १९४० ला त्यांनी अल्जीरियातल्या मेर्स-अल-केबीर बंदरात उभ्या असलेल्या फ्रेंच नौकांवर मारा केला. १२९७ फ्रेंच नौसैनिक मेले. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत हे दोघं एका बाजूने लढत होते!

त्या दिवशी आपल्या सहाही बहिणी अल्जिअर्स बंदरात होत्या. बातमी कळताच त्या निघाल्या आणि फ्रान्सच्या दक्षिणेला तुलों बंदरात पोचल्या. त्यांच्यावरच्या खलाशांच्या मनात ब्रिटिशांविषयी काय भावना असेल, ते वेगळं सांगायला नको. पुढचा डाकारचा प्रसंग कळायचा असेल तर हा दिवस विसरून चालत नाही.

जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि घनाचा नियम

ऑगस्ट १९४० मध्ये आफ्रिकेतल्या चाड, कॅमेरून, काँगो या फ्रेंच वसाहती द गॉलच्या बाजूने गेल्या. व्हिशी सरकारने त्या परत मिळवायला एक तुकडी पाठवायचं ठरवलं. ९ सप्टेंबरला झॉर्ज लेग, मोंकाल्म आणि ग्लुआर या तीन क्रूझर तीन मोठ्या डिस्ट्रॉयरना घेऊन तुलोंहून निघाल्या. बाकीच्या तीन बहिणी बंदरातच राहिल्या.

सहा बहिणींची ताटातूट झाली ती या दिवशी. वर्ग एक, वेग एक, तोफा एक. मग याच तिघी का? तर कागदावर त्या चौथ्या डिव्हिजनमध्ये होत्या आणि बाकीच्या तिघी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. एवढंच कारण. आपण ए बॅच आणि बी बॅच म्हणतो ना, तसं.

११ सप्टेंबरच्या सकाळी ही तुकडी सुमारे २५ नॉट वेगाने जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, म्हणजे ब्रिटिशांच्या अगदी नाकासमोरून गेली. ब्रिटिशांकडे निरोपांचा घोळ झाला आणि अडवायचा हुकूम वेळेत पोचला नाही. उलट जिब्राल्टरहून त्यांना प्रवासाच्या शुभेच्छा गेल्या! तिथल्या ॲडमिरल नॉर्थ यांची नेमणूक यापायी काढून घेण्यात आली. त्यांच्यावरचा डाग १९५७ मध्ये, पंतप्रधान मॅकमिलन यांनी पार्लमेंटमध्ये निवेदन केलं तेव्हा पुसला गेला.

इथे थोडं इंजिनीअरिंग. जहाजाला लागणारी ताकद ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३१ नॉटला ८४,००० हॉर्सपॉवर लागत असेल तर २५ नॉटला किती? पंचवीस भागिले एकतीस, त्याचा घन केला की साधारण ०.५२ येतो. म्हणजे वेग फक्त सहा नॉटने कमी केला की ताकद जवळजवळ निम्मी पुरते. आणि उलटंही खरं, शेवटचे सहा नॉट मिळवायला आधीइतकीच ताकद पुन्हा ओतावी लागते. तेल अर्थातच त्या हिशोबाने जळतं. वेगवान नौका लांब पाठवायची तर वाटेत तेलाचं जहाज हवंच.

या तुकडीचं घोडं इथेच अडलं. डाकारला थांबून ती १८ सप्टेंबरला दक्षिणेकडे लिब्रव्हिलला निघाली. तिच्यासाठी तेल घेऊन आलेल्या जहाजाला ब्रिटिशांनी दुसऱ्याच दिवशी अडवून परत फिरवलं. ग्लुआरच्या इंजिनात बिघाड झाला, ती मागे पडली आणि ऑस्ट्रेलियन क्रूझरने तिला गाठून कासाब्लांकाला जायला लावलं. झॉर्ज लेग आणि मोंकाल्म पूर्ण वेगाने मागे फिरल्या आणि डाकारमध्ये शिरल्या. ठरवलेलं ठिकाण वेगळं होतं, पण पोचल्या त्या नेमक्या जिथे लढाई होणार होती तिथे.

डाकार, १९४०

२३ सप्टेंबरला पहाटे दाट धुक्यात ब्रिटिश आरमार डाकारसमोर आलं. त्यांच्यासोबत स्वतः द गॉल होते. कल्पना अशी की फ्रेंच माणसं फ्रेंच माणसांना बघून दरवाजा उघडतील. गव्हर्नर ब्वासों यांनी नकार दिला. द गॉलचे दूत पांढरा झेंडा लावून होडीतून गेले, त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. मग तीन दिवस तोफा चालू राहिल्या. झॉर्ज लेग आणि मोंकाल्म बंदरासमोरच्या पाण्यात धुराच्या पडद्याआड सतत फिरत राहिल्या आणि मारा करत राहिल्या. २५ तारखेला एका फ्रेंच पाणबुडीच्या टॉर्पेडोने ब्रिटिश बॅटलशिप 'रेझोल्यूशन' जायबंदी झाली आणि ब्रिटिशांनी नाद सोडला.

मेर्स-अल-केबीरला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. झॉर्ज लेगवरच्या खलाशाच्या दृष्टीने तो आपल्या देशाच्या बंदराचं रक्षण करत होता. समोर द गॉलसोबत आलेल्या फ्रेंच सैनिकाच्या दृष्टीने तोही देशासाठीच आला होता. मला हे वाचताना सगळ्यात जास्त हे खटकलं की दोघांपैकी कोणालाही सहज खोटं म्हणता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षं या नौका बहुतेक डाकारमध्येच होत्या. या काळातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं. त्यावर इटालियन युद्धकैदी, ब्रिटिश सैनिक, बायका-मुलं असे सगळेच होते. डाकारहून गेलेल्या ग्लुआरने हजाराहून अधिक माणसं वाचवली. उचलताना कोण कुठल्या बाजूचा हे पाहिलं नाही.

तुलों, १९४२

८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या. उत्तर म्हणून ११ तारखेला जर्मन फौजा उरलेल्या फ्रान्समध्ये घुसल्या. २७ नोव्हेंबरच्या पहाटे जर्मन रणगाडे तुलोंच्या गोदीत शिरले, उद्देश एकच, आरमार ताब्यात घ्यायचं.

ॲडमिरल लाबोर्द यांनी हुकूम दिला: बुडवा. समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व उघडले गेले, तोफांमध्ये स्फोटकं घातली गेली, टर्बाइन फोडली गेली. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं त्या मशीनला तेल-पाणी केलं, त्यांनीच. सत्तरहून अधिक जहाजं त्या सकाळी गेली. त्यात ला गालिसोनिएर, झाँ द व्हिएन आणि मार्सेयेज या तिन्ही बहिणी होत्या.

म्हणजे दार्लां यांनी १९४० मध्ये दिलेला शब्द खरा होता. ज्या शंकेपायी मेर्स-अल-केबीरला १२९७ माणसं मेली, ती शंका फोल ठरली. पण हे कळायला अडीच वर्षं लागली, आणि ती माणसं काही परत येणार नव्हती.

गंमत बघा (खरं तर गंमत नाही), तुलोंची सकाळ उजाडायच्या चारच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला डाकार आणि सगळी फ्रेंच पश्चिम आफ्रिका दोस्तांच्या बाजूने आली होती. त्यामुळे झॉर्ज लेग, मोंकाल्म आणि ग्लुआर वाचल्या. ए बॅच, बी बॅच!

फिलाडेल्फिया ते नॉर्मंडी

आता झॉर्ज लेग दोस्तांची. १३ एप्रिल १९४३ ला तिने अटलांटिकमध्ये 'पोर्टलंड' हे जर्मन मालवाहू जहाज गाठून बुडवलं. त्या वर्षी ती आणि मोंकाल्म अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या गोदीत गेल्या. तिथे त्यांच्यावरची विमानं आणि ती उडवायचं यंत्र काढून टाकलं, रडार बसवलं, आणि विमानांवर मारा करायला ४० मिलिमीटरच्या चोवीस बोफोर्स तोफा आणि त्याशिवाय २० मिलिमीटरच्या तोफा चढवल्या. हो, तेच बोफोर्स, जे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने गाजलं.

६ जून १९४४. नॉर्मंडीवर दोस्तांच्या फौजा उतरल्या तो दिवस. अमेरिकन तुकड्यांच्या वाट्याला आलेल्या ओमाहा किनाऱ्यासमोर ज्या मोठ्या नौका मारा करत होत्या, त्यात अमेरिकेच्या टेक्सस आणि आर्कान्सा, ब्रिटनची ग्लासगो, आणि फ्रेंच तिरंगा लावलेल्या मोंकाल्म आणि झॉर्ज लेग. फ्रेंच नौकांचे प्रमुख होते ॲडमिरल झोझार.

त्यांच्या लक्ष्यांत पोर-आं-बेसां हे कोळ्यांचं छोटं बंदर होतं. शेजारी लोंग-सुर-मेर इथे जर्मनांच्या चार तोफा होत्या, १५० मिलिमीटरच्या, जाड काँक्रीटच्या कोठ्यांत. म्हणजे झॉर्ज लेगच्या तोफांच्या जवळजवळ बरोबरीच्याच, फक्त त्या जमिनीवर घट्ट आणि ही पाण्यावर हलणारी. सकाळी या तोफांशी 'एजॅक्स'ची जुंपली (आपल्या दिल्लीची बहीण, आठवली ना?) आणि त्या थंडावल्या. नंतर त्यातली तोफ पुन्हा सुरू झाली. शेवटी ती बंद पाडण्यात झॉर्ज लेगचा वाटा होता. दुसऱ्या दिवशी तिथले जर्मन सैनिक शरण आले. त्या तोफा आणि कोठ्या अजून तिथे आहेत, लोक बघायला जातात.

पाण्यावर डुलणाऱ्या नौकेवरून दहा-पंधरा किलोमीटरवरचं ठिकाण टिपायचं तर आपला वेग, वारा, दारूचं तापमान, तोफेची झीज असं सगळं हिशोबात घ्यावं लागतं. वरून टेहळणी विमान सांगतं, जरा डावीकडे, जरा पुढे. मग सुधारणा, पुन्हा मारा. पण त्या दिवशी त्या नकाशावरची नावं फ्रेंच होती. त्या घरांतली माणसं फ्रेंच होती. गोळा थोडा पुढे पडला तर तो आपल्याच गावात पडणार होता. मशीन डिझाइनच्या पुस्तकात या चुकीसाठी टॉलरन्स दिलेला नाही.

परत तुलोंला

१५ ऑगस्ट १९४४ ला दक्षिण फ्रान्समध्ये फौजा उतरल्या तेव्हा तिन्ही बहिणी तिथे होत्या. पुढचे काही दिवस फ्रेंच क्रूझर खुद्द तुलोंच्या तटावरच्या तोफांवर मारा करत होत्या. त्याच तुलोंमध्ये ला गालिसोनिएर होती. इटालियनांनी ती पाण्यावर काढली होती आणि तिला नाव न देता नुसता एफआर १२ असा नंबर दिला होता. १८ ऑगस्टला अमेरिकन विमानांच्या बॉम्बनी ती पुन्हा बुडाली. झाँ द व्हिएन, नंबर एफआर ११, आदल्या वर्षीच अशीच बॉम्बहल्ल्यात गेली होती.

१३ सप्टेंबर १९४४ ला फ्रेंच आरमार तुलोंमध्ये परतलं. ताफ्याच्या पुढे झॉर्ज लेग होती. चार वर्षं आणि चार दिवसांपूर्वी ती इथूनच निघाली होती. बंदर बुडालेल्या जहाजांनी भरलं होतं आणि त्यात तिच्या बहिणी होत्या.

युद्धानंतरही तिने बरीच वर्षं काम केलं. १९५६ च्या सुएझ प्रकरणात तिने रफाहवर मारा केला, आणि १९५९ मध्ये ती भंगारात गेली.

शेवटी मला वाटतं ते असं. आपण इथे चार वर्षं शिकतो की इनपुट तेच, डिझाइन तेच, तर आउटपुट तेच आलं पाहिजे. सहा बहिणींनी हे खोटं ठरवलं. ड्रॉइंगमध्ये काही फरक नव्हता. फरक पडला तो कोण कुठल्या बंदरात आहे, हुकूम कोणाचा आहे आणि दिलेल्या शब्दावर समोरचा विश्वास ठेवतो का, यावर. टर्बाइनला बाजू नसते, तोफेलाही नसते. ती असते ती व्हॉल्वच्या चाकावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला. उद्या आपल्यापैकी कोणी गोदीत जाईल, कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी आरमारात. आपण बनवलेली वस्तू चालते की नाही हे तपासायला टेस्ट बेंच आहे. ती कोणावर चालणार आहे, हे विचारायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागेल.